उजवी बाजू अजून काळी आहे

३ फेब्रुवारी

ताई,

वर काहीतरी नीट लिहायचं असतं, सप्रेम, सादर वगैरे. बराच वेळ पेन धरून बसले आणि 'ताई' एवढंच सुचलं. तेवढ्यावर भागवून घे.

पत्ता मावशीने दिला. आधी नाहीच म्हणाली, तुला शब्द दिलाय म्हणे. मग मी तिच्यासमोर रडले. तू ओळखतेसच तिला, रडणारं माणूस दारात उभं असलं की तिचे सगळे शब्द विरघळतात. तुझा फोन लागत नाही हे तुला सांगायला नकोच, नंबर तूच बदललास.

आई दवाखान्यात आहे. हृदय थकलंय म्हणतात. पाय सुजले होते, दम लागायचा, आणि मी विचारलं की म्हणायची, "वय झालंय, लागणारच दम." गुरुवारी संध्याकाळी मी आतल्या खोलीत मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होते. ती बाहेर तिच्या डब्यासमोर बसली होती. (अजून डबाच म्हणते मी त्याला. कॉम्प्युटर म्हणण्यासारखं काय आहे त्यात? रबराच्या कळा, बिस्किटाच्या पुड्याएवढं अंग आणि चित्र दाखवायला वर तो ढेरपोट्या टीव्ही.) तिने हाक मारली, "ये गं जरा इकडे." मी म्हटलं, हातातली बाही संपू दे. हे आमचं रोजचंच. गेला महिनाभर ती रोज बोलवायची आणि माझी बाही कधी संपायची नाही. या वेळी बाही संपली आणि बाहेर गेले, तर ती खुर्चीत एका बाजूला कलली होती.

आता जे लिहायचं ते लिहिते. तिला गाडीत घालताना माझा हात धरून तिने एवढंच सांगितलं, "बंद करू नकोस."

परत आले तर टीव्हीवर चित्र होतं. अर्धं. डावीकडची बाजू भरलेली, उजवीकडची काळी. बरोबर मधोमध थांबलंय. म्हणजे तुला कळलंच असेल.

तुमचा खेळ मी विसरले नाहीये. आई ऑफिसातून टायपिंग करून यायची, हातपाय धुवायची आणि परत टाइप करायला बसायची, या वेळी डब्यावर. आकड्यांच्या आणि शब्दांच्या ओळी. मग टीव्हीवर रेघा उमटायला लागायच्या, सावकाश, एकामागून एक. अर्ध्यावर यायच्या आणि थांबायच्या. मग आई म्हणायची, "आता तुझं." तू वरच्या ओळीतली डावीकडची पहिली कळ दाबायचीस, एक आकड्याची, आणि उजवीकडे गोल यायला लागायचे. मोठे, लहान, एकात एक. आईच्या रेघा, तुझे गोल. मी भोकाड पसरलं की मलाही एक कळ मिळायची, त्याच ओळीतली शेवटची, शून्याची. ती दाबली की काहीच व्हायचं नाही. तुम्ही दोघी हसायचात. मीही हसायचे, न समजता. तू एक, मी शून्य. एकाची छपाई तुझ्या बोटाने पार पुसून गेलीय. माझं शून्य अजून कोरं करकरीत आहे.

तर ते चित्र तुझी वाट बघतंय. तू येऊन कळ दाबलीस तरच पुढे जाईल. मी हात लावलेला नाही. मोबाईलने फोटो काढून बघितला, पण त्या टीव्हीचा फोटो नीट येतच नाही, नुसते काळे पट्टे. आणि डबा बंद केला तर सगळंच जाईल. का जाईल, ते तुला मी सांगावं असं नाही.

ये.

तुझी
चिंधी


११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. पोस्टाला दोष देऊन बघतेय.

आई तशीच आहे. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा असतो, बोलायचं तर तो बाजूला करावा लागतो आणि केला की नर्सबाई ओरडतात. तरी तिने काल केलाच. "बंद केलंस का?" म्हणाली. नाही म्हटलं. "बघितलंस?" बघितलं म्हटलं. "मग?" मी म्हटलं, "मग काय, ताईला पत्र टाकलंय. येईल ती." तर आई म्हणाली, "तू नुसती बघत बसू नकोस." तेवढ्यात नर्सबाई आल्या आणि आम्हा दोघींना झापून गेल्या. माझे गणवेश रखडलेत हे त्या अवस्थेतही तिच्या डोक्यात आहे बघ. घरी येऊन एका बैठकीत सगळ्या बाह्या लावून टाकल्या.

डब्याला मी तळहाताच्या फोडासारखं जपतेय. टीव्ही लागेल तेव्हाच लावते, नाहीतर त्याची काच जळेल; तो बंद केला तरी डबा आपला चालूच राहतो. भिंतीतल्या प्लगपासून येणारा तो काळा ठोकळा इतका तापतो की वर हात ठेववत नाही. त्याला पंखा लावलाय. मी घामाने निथळत कापड कापते आणि पंखा ठोकळ्याला. वायरमनला बोलावून मध्ये बॅटरी बसवायची होती. तो म्हणाला, "बाई, दोन मिनिटं बंद करावं लागेल." मी म्हटलं, दोन क्षणसुद्धा नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आई नाही, मीच दवाखान्यात असायला हवी होते. शेवटी भिंतीतली वायर सोलून, जिवंत तारांना हात घालून त्याने बॅटरी जोडली आणि वर म्हणाला, "एवढं काय आहे हो त्यात?" मी टीव्ही लावून दाखवला. तो बघत बसला. म्हणाला, "कशाचं आहे हे?"

आठवतं? आपल्याकडे येणारा प्रत्येक माणूस हेच विचारायचा आणि आईचं उत्तर ठरलेलं असायचं. कशाचंच नाही. बघा नुसतं.

मीही तेच सांगितलं. मग त्याने खुर्ची ओढली आणि चहा संपेपर्यंत नुसतं बघितलं.

तुला सांगते काय आहे ते, म्हणजे तुझे पाय वळतील. वरून खाली रेघा उतरतात, बारीक, तिरक्या. खाली येता येता दाट होतात. निळ्या आहेत, पण मध्येच एखादा चौकोन अख्खा लाल. तुला ते 'सांडणं' आठवत असेल. एका चौकोनात दोनच रंग मावतात, तिसरा घातला की सगळा चौकोन रंग बदलतो. तू म्हणायचीस हा डब्याचा दोष आहे. आई म्हणायची, दोष आहे तर वापरू या. आता ती इतकी तरबेज झालीय की रंग तिला हवा तिथेच सांडतो. पहिल्या धुण्यात एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागावा आणि दोन्ही कपडे उलट छानच दिसावेत, तसं आहे ते. आणि मधल्या रेषेपाशी येऊन सगळं थबकलंय. पलीकडे नुसता काळोख.

ताई, रागाचं नंतर बघू. तू आधी ये.

चिंधी


२० फेब्रुवारी

ताई,

आई गेली. सकाळी, मी चहा आणायला खाली गेले होते तेव्हा.

मावशी तुला कळवेलच, पण माझ्याकडूनही कळायला हवं होतं.

डबा चालू आहे.


६ मार्च

ताई,

मावशी म्हणते तुला सगळी पत्रं मिळाली आहेत. म्हणजे पोस्टाचा दोष नाही.

आज मी चिडलेली आहे, तेव्हा पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव. आई तिथे मुखवट्याआडून दाराकडे बघायची. कुणाची पावलं वाजली की मान वळवायची. मी काय सांगू तिला, गाडी उशिरा आहे? शेजारच्या काकू येऊन गेल्या, मावशी आली, आईच्या ऑफिसातले ते टेबलाला टेबल लावून बसणारे हेडक्लार्कसुद्धा काठी टेकत आले. एक तू नाहीस.

भांडण काय होतं गं आपल्या घरात? तू पहिल्या पगारातून आईला नवा कोरा कॉम्प्युटर आणलास. जागा हवी म्हणून तिला न विचारता जुना डबा, त्याचा टेपरेकॉर्डर आणि कॅसेटींची पिशवी भंगारवाल्याला दिलीस. तुला वाटलं ती खूश होईल. मलाही वाटलं होतं, मीच तर पिशवी खाली नेऊन दिली! आई ऑफिसातून आली आणि तशीच, हातातली पर्ससुद्धा न ठेवता, भंगाराच्या दुकानाकडे धावली. डबा मिळाला. टेपरेकॉर्डर विकला गेला होता, आणि कॅसेटी कुणीतरी वर गाणी भरायला घेऊन गेला होता. तुमची सगळी चित्रं त्या कॅसेटींमध्ये होती. सगळी, पहिल्यापासून.

आई म्हणाली, "विचारायचं तरी होतंस." तू म्हणालीस, "रेघोट्या होत्या आई. रेघोट्यांसाठी एवढा तमाशा?" त्यानंतर ती तुझ्याशी आठवडाभर बोलली नाही आणि तू बॅग भरलीस. एवढंच ना? एवढ्यासाठी इतकी वर्षं?

आणि ती काय करत होती या वर्षांत, सांगू? चित्र साठवून ठेवायला काही उरलंच नव्हतं. दुसरा टेपरेकॉर्डर आणून देते म्हटलं तर नको म्हणाली. रोज संध्याकाळी सगळ्या ओळी पाठ असल्यासारख्या नव्याने टाइप करायची, चित्र येऊ द्यायची, पोटभर बघायची आणि बटण बंद करायची. मी म्हणायचे, "अगं, गेलं की ते!" तर म्हणायची, "उद्या दुसरं येईल." तुझा नवा कॉम्प्युटर तिने मला बिलं छापायला दिला. त्याच्यावर तिचा राग नव्हता. फक्त त्याला वाट बघायला लावता येत नाही म्हणायची, तो भराभर सगळं करून मोकळा होतो.

हे शेवटचं चित्र तिने बंद केलं नाही. कुणासाठी, ते मी तुला दोनदा लिहिलंय.

आता घोडं कुठे अडलंय ते ऐक. गल्लीतल्या जुन्या केबल बदलणार आहेत. सोळा तारखेला, मंगळवारी, सकाळी दहापासून दिवसभर वीज बंद. कागद चिकटवून गेलेत दारावर. वायरमन म्हणतो, बॅटरी फार तर अर्धा तास ओढेल. काकू म्हणतात, बरं झालं, एकदाचं बंद होईल ते, घरात असं काही चालू ठेवू नये. मी त्यांना म्हटलं, तुमच्या तोंडासारखं का? आता त्याही बोलत नाहीत. न बोलणारी माणसं जमवायची आपल्या घराला सवयच आहे.

मंगळवार, दहा वाजता. यायचं तर त्याआधी ये. नाही आलीस तर मी तुला पुन्हा लिहिणार नाही. मी कधी नव्हे ते खरं बोलतेय असं समज.

चिंधी


१४ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. दारातच फोडलं, दारातच वाचलं. एक गिऱ्हाईक पँटची उंची कमी करायला आलं होतं, त्याला तसंच उभं ठेवलं.

पहिल्या पानावर तू तीन वेळा लिहून खोडलंयस. खोडलेलं मी उजेडात धरून वाचलं. तुझं अक्षर खोडल्यावरही तितकंच टपोरं राहतं.

ताई, तू रागावून गेली होतीस असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुला लाज वाटत होती हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. 'मी तिची चित्रं भंगारात घातली आणि वर त्यांना रेघोट्या म्हटलं, त्या घरात कुठल्या तोंडाने पाऊल ठेवू?' हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. वेडे, ज्या तोंडाने खायचीस त्याच तोंडाने! फोन तरी करायचास. आई काय तुला खाणार होती? आणि आता तू लिहितेस की आई गेल्यावर तर यायचा हक्कच उरला नाही, तिच्या खुर्चीसमोर उभं राहवणार नाही. मी तुला काय शिकवू? मी तरी त्या खुर्चीत कुठे बसते. तिच्यावर कापडाचे तागे ठेवलेत, रिकामी दिसू नये म्हणून.

तू म्हणतेस तसं करीन. तू लिहिलंयस, 'ते अडकलेलं नाही, कळेची वाट बघतंय. चुकीची कळ दाबलीस तर काही बिघडत नाही, ते नुसतं दुर्लक्ष करतं. फक्त खालच्या कोपऱ्यातली थांबवायची कळ दाबू नकोस.' तिच्यावर मी आधीच कॅनव्हासचा तुकडा चिकटवलाय, काळजी नको. पुढे लिहिलंयस, 'माझ्या वतीने एक दाब. चालू झालं तर समजेन की तिने मला माफ केलं होतं. काय आलं ते मला कळव. तेवढं कळलं की मी येईन, तुझ्या कुशीत तोंड खुपसून रडायला येईन. आणि नाही चालू झालं तर तेही कळव.'

मंगळवारी सकाळी दाबते. आजच दाबलं असतं, पण तुझ्यासाठी दोन दिवस अजून वाट बघू दे त्याला. न जाणो, तुझे पाय वळलेच तर.

आणि वेड्यासारखा विचार करत बसू नकोस. चालू होणारच आहे. दुसऱ्या कुणासाठी थांबणार होतं ते?

तुझी
चिंधी


१६ मार्च, दुपार

ताई,

हे पत्र मी पाठवणार नाहीये. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला आज गणवेशाची एक शिवण घालता येणार नाही, आणि सांगायला मला तुझ्याशिवाय कोण आहे?

सकाळी लवकर अंघोळ केली. केर काढला. खुर्चीवरचे तागे उचलले आणि आईच्या खुर्चीत बसले. टीव्ही लावला. पंखा स्वतःकडे वळवून घेतला, म्हटलं आज ठोकळा तापला तर तापू दे.

एक दाबली.

काही झालं नाही.

मला वाटलं नीट दाबली गेली नाही. रबर जुनं झालंय, तुझ्या बोटाने झिजलंय. पुन्हा दाबली. दाबून धरली. नख पांढरं होईपर्यंत धरली. डावीकडच्या निळ्या रेघा जशाच्या तशा, उजवीकडे काळं. मी मोठ्याने म्हटलं, "आई, असं करू नकोस गं तिला." खरंच म्हटलं, एकटीच घरात.

मग दोन दाबली, तीन दाबली, चार, नऊपर्यंत सगळ्या. तुझं पत्र मांडीवर होतं. एकच विचार डोक्यात होता, की तुला आता काय लिहू. अक्षरांच्या कळा दाबल्या, वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ. बाहेर केबलवाल्यांची गाडी येऊन उभी राहिली होती, फुटपाथ फोडायला लागले होते. माझी सगळ्यांवर चिडचिड झाली. तुझ्यावर, त्यांच्यावर, आईवर सगळ्यात जास्त. मेल्यावरही माणसाने इतकं ताठ असू नये.

एकच राहिली होती. तिचा मी विचारच केला नव्हता, कारण ती दाबून काही होत नाही हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. मी काही आशेने दाबली नाही ताई. रागाने दाबली. सगळ्या दाबल्या तर हीसुद्धा, म्हणून शून्यावर अंगठा आपटला.

आणि उजवीकडे एक टाका आला.

टाकाच. बारकी पांढरी रेघ, मग तेवढीच जागा मोकळी, मग पुन्हा रेघ. धावदोरा. मधल्या रेषेच्या अलीकडून निघाला आणि पलीकडे काळ्यात शिरला. मग त्याच्याखाली दुसरा, मग तिसरा. सावकाश, आईच्या गतीने. डावीकडच्या निळ्यातून बाहेर पडत आणि उजवीकडे जात. तिने गोल काढलेच नव्हते. दोन तुकडे जोडावेत तसे तिने पडद्याचे दोन अर्धे टाक्यांनी जोडले. आणि प्रत्येक टाका काळ्यात जिथे टेकायचा तिथे तो छोटा चौकोन रंग धरायचा, हिरवा, पिवळा, जांभळा, निरनिराळा, माझ्या टेबलाखालच्या चिंध्यांच्या ढिगासारखा. तो ढीग तिला तिच्या खुर्चीतून दाराच्या पडद्याखालून दिसायचा. मी कधी लक्षातच घेतलं नाही की ती तिकडे बघत असेल.

ती महिनाभर रोज बोलवत होती. ये गं जरा इकडे. ती मलाच बोलवत होती, ताई. चित्र अर्ध्यावर आणून, माझी कळ तयार ठेवून, बसून राहायची. आणि मी म्हणायचे, बाही संपू दे. मग ती बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या ओळी पुन्हा टाइप करायची. दवाखान्यात विचारलं, बघितलंस? मग? नुसती बघत बसू नकोस. मी घरी येऊन बाह्या लावल्या.

मला फार रडू आलं. तिच्या खुर्चीत, तिच्या उशीत तोंड घालून. मला तिची इतकी गरज असताना ती बाहेरच्या खोलीत होती आणि तिला माझी गरज असताना मी आतल्या, मध्ये एक पडदा. आणि आता तो बाजूला सारला तर पलीकडे कुणी नाही.

चित्र पूर्ण झालं तेव्हा दहाला थोडा अवकाश होता. मी फोटो काढला नाही. मग वीज गेली, बॅटरी कुंईकुंई करायला लागली. मी बसून होते. तिच्यासारखं पोटभर बघावं म्हटलं, पण पोट कुठे भरतंय. बॅटरी संपली आणि टीव्हीच्या मधोमध एक ठिपका राहिला, आणि तोही गेला.

मग तुझी आठवण आली. तू तिथे बसली असशील, माझ्या पत्राची वाट बघत, नखं खात. लहानपणी निकालाच्या दिवशी खायचीस तशी. तुला खरं लिहिलं तर काय होईल ते मला दिसतंय. तू म्हणशील, बरोबर आहे, मी त्याच लायकीची. आणि पुन्हा कधी येणार नाहीस. आईने तुला माफ केलं होतं की नाही, मला माहीत नाही. तुझ्यासाठीही एखादं चित्र आखलं असेल तिने मनात, उद्यासाठी ठेवलं असेल. पण तिचा उद्या राहून गेला आणि हे एकच चित्र मागे राहिलं. ते माझं होतं. आयुष्यात पहिल्यांदा शून्य दाबून काहीतरी झालं, आणि ते बघायला हसणाऱ्या दोघींपैकी एकही इथे नव्हती.

माझं होतं, म्हणून कुणाला द्यायचं ते मीच ठरवणार.


१६ मार्च

प्रिय ताई,

सकाळी तुझ्या वतीने एक दाबली. पहिल्या दाबण्यातच चालू झालं, जरासुद्धा थांबलं नाही. तुझं बोट ओळखलं असेल त्याने.

गोल आले ताई. मोठे, लहान, एकात एक, तू दाबायचीस तेव्हा यायचे तसेच. सगळी उजवी बाजू भरून गेली. फोटो काढत होते, पण त्या टीव्हीचे काळे पट्टेच येतात, तुला ठाऊक आहे. मग दहा वाजता वीज गेली आणि चित्रही गेलं. आई म्हणायची तसं, उद्या दुसरं येईल.

आता ये. खुर्ची मोकळी करून ठेवलीय.

तुझी
चिंधी